छाट

जकार्डचा ग्राफ भरून झाला की
कागदाची पाठ कोरी राहते.
तिच्यावर मी एक ग्रह आखलाय.
अशोक चौकाच्या मागं, पत्र्याखाली,
बाहेर चव्वेचाळीस अंश
आणि शेजारच्या शेडात सोळा माग
थंडी भरल्यासारखे दात वाजवत असताना.

ग्रहाला नाव नाही, नोंदणी क्रमांक आहे.
मालक कंपनी. कंपनीचा मालक कुणी पाहिलेला नाही,
सही तेवढी येते, दर महिन्याला, जांभळ्या शाईत.
दिवस सव्वीस तासांचा :
आठ-आठच्या तीन पाळ्या,
वरचे दोन तास कंपनीकडं जमा.
सूर्य उगवतो का, हे अजून ठरवलं नाही.
भोंगा मात्र वाजतो.
वाजला, की सकाळ.

हवा पगारातून कापून जाते.
मोठ्यानं हसलं तर जास्त कापतात,
म्हणून तिथं सगळे गालातल्या गालात हसतात,
आणि लग्नात सनईवाल्याला
फुंकायचा वेगळा अर्ज करावा लागतो.

शेजारी तीन वसाहती.
पहिलीवर सूत. जिकडं बघावं तिकडं सूत,
जन्मलेल्या पोराच्या नाकातोंडातही.
दुसरीवर रंग. सोमवारी निळी, गुरुवारी लाल होतात माणसं;
आईचा मूळ रंग कोणता
यावर पोरांच्या पैजा लागतात.
तिसरी लांब, अंधारात.
तिथं काय ठेवावं, सुचेना.

चिन्नम्मा उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
मान वर न करता म्हणाली,
"तुझ्या त्या कंपनीत छाट कोण काढतं?"

छाट म्हणजे
हजारातल्या शंभरेक विड्या कारखान्यातली बाई बाजूला सारते.
हलकी, वाकडी, तोंड नीट न मुडपलेली.
पैसे मिळत नाहीत.
विड्याही परत मिळत नाहीत.
चाळीस वर्षांची छाट कुठं जाते,
हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं. मला विचारलं.

त्या रात्री तिसरी वसाहत भरली.
नापास सूत, उडालेले रंग, धोट्यानं फोडलेला एक डोळा,
खोकला आला म्हणून परत पाठवलेली माणसं,
आणि ते वरचे दोन-दोन तास,
गठ्ठे बांधून, एकावर एक,
कुणी न जगलेले.
चिन्नम्माच्या विड्या तिथं ढिगानं आहेत.
ओढायला हवा नाही.

"आणि पाणी?"
पाणी मी विसरलोच होतो.
"पाचव्या दिवशी," म्हटलं, "रात्री दोनला."
"मग ते सोलापूरच की बे," ती म्हणाली,
"एवढं लांब कशाला गेलास?"

मल्लिनाथ कट्टीमनी, जुन्या मिलचे जॉबर,
गिरणी बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी
पावणेसातला चपला घालून दारात उभे राहतात.
त्यांनी चष्मा पुसला, नकाशा उलटा धरूनच नीट पाहिला.
"भोंगा दिलास, पाळ्या दिल्यास. झकास.
बंद कधी पडते?"
मी म्हटलं, कंपनीला शेवट लिहिलेला नाही.
"आमच्याही नव्हता लिहिलेला," म्हणाले,
आणि चिमणीकडं बघत बसले.
चिमणीवर पिंपळ उगवलाय. तो मी नकाशात घेतला नाही.

मग मी एक चोरी केली.
पत्त्यात भोक असलं तर धागा उचलतो,
नसलं तर खाली राहतो. एवढीच अक्कल लागते
दुनिया करायला.
निर्यातीच्या टॉवेलाच्या काठात चार भोकं जास्त मारली.
पांढऱ्या शुभ्र कापडावर
एक लाल ठिपका, शेजारी तीन बारके.
तपासनिसानं बोट ठेवलं : डाग.
सगळा लॉट सेकंडमध्ये. किलोवर विकला.
माझा अर्धा पगार गेला, ते ठीकच.

त्यातला एक चिन्नम्माकडं आहे.
दिवसा तंबाखूच्या सुपावर झाकते.
काल पाचवा दिवस होता.
दोनला नळ खोकला,
तीच आधी उठली, टॉवेल खांद्यावर टाकून,
घागर लावली, आणि अंधारात
तिसऱ्या ठिपक्यावर
हात पुसले.