वहीतला खोकला

आई पावसाळी दिवस बघूनच माळावर जाते.
उन्हात तिथलं दगडफूल कुरकुरतं, हाताला बोचतं;
भिजलं की कानाच्या पाळीइतकं मऊ.
गोणीभर आणते, अंगणात पसरते,
त्यातली मेंढ्यांची लोकर वेचत बसते.
आइसलँडच्या या टोकाला
औषधाचं दुकान चाळीस किलोमीटरवर,
आणि हिवाळ्यात वाट बंद.

इंग्वार, माझे बाबा, नोव्हेंबरपासून खोकत होते.
कफ नाही, ताप नाही. नुसती खरवड,
रिकाम्या डब्यात खडा हलवावा तशी.
आईनं दुधात दगडफूल उकळलं, मध घातला,
तरी कडूपणा जिभेवर ठाण मांडून.
"गुण येईल," ती म्हणाली.

मी राजधानीत, प्रयोगशाळेत.
सवयीनं शोधनिबंध काढले.
माणसं मोजकी. तुलनेला दुसरा गट नाही.
काढ्याचा बुळबुळीत थर घशावर सायीसारखा धरतो,
इथवर ठीक.
पुढे जिथंतिथं तेच वाक्य: आणखी अभ्यास हवा.
मधाची बाजू जरा बरी, तीही लहान मुलांत.
फोनवर सगळं सांगितलं.
"मग कर की अभ्यास," आई म्हणाली. "मीही करते."

तिनं बाबांची मासेविक्रीची जुनी वही घेतली.
कॉडच्या वजनांमागे कोरी पानं होती,
तिथं रात्रीचे ठसके: चार उभ्या रेघा, एक आडवी.
काढ्याची रात्र, एकोणचाळीस.
नुसत्या दुधाची, एक्केचाळीस.
कुठली रात्र कुठली, बाबांना पत्ता नाही.
नुसतं दूध कडू कशानं केलं
ते ती मलाही सांगत नाही.
त्या दोन ठसक्यांवर महिनाभर अडून बसली.

ईस्टरला घरी गेले, वही चाळली.
पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात:
"आज खोकला सुरू. रक्तदाबाच्या नव्या गोळीचा बारावा दिवस."
दोनदा वाचलं.
डॉक्टरीणबाई फोनवर क्षणभर गप्प.
मग म्हणाल्या, काही जणांना ही गोळी असं करते. बदलू या.

पाचव्या आठवड्यात रेघा विरळ झाल्या.
एके रात्री पान कोरं.

आईनं बरणीचं झाकण घट्ट लावलं.
"आला ना गुण?"
मी वहीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.
बाबांनी कप पुढे केला.
"थोडं घाल," म्हणाले. "सवय झालीय."