पाठकोरा कागद

कस्तुरबातला वॉर्ड. जुन्या केसपेपरची मागची बाजू कोरी होती,
तिथंच लिहिलं, मांडीवर धरून, बॉलपेननं:

आब्राकाडाब्रा
आब्राकाडा
आब्राका
आब्रा
आ

बाबांनीच शिकवलं होतं, मी तिसरीत असताना, गोवर निघाला तेव्हा.
म्हणाले, टोपीतून ससा काढायचा शब्द नव्हे हा मुळात.
फार जुन्या काळी, समुद्रापलीकडे कुठंतरी,
तापल्या माणसाच्या गळ्यात बांधायचे.
ओळ आखडत जाते, तसा ताप.
शेवटी उरतो नुसता आ,
आणि तो तर डॉक्टरही करायला सांगतात.

आठवडाभर माझगावच्या गोदीत नटबोल्ट मोजणारे चिंतामण बेंद्रे
रविवारी प्रोफेसर बेन्ड्रो होत.
लालबागची बारशी, मुलुंडच्या मुंजी,
एकदा एका बँक मॅनेजरची एकसष्टी, तिथलं कबूतर परत आलंच नाही.
उस्ताद डोंगरीचे काझीमभाई. पुढचे दात पडलेले,
म्हणून गिली गिली त्यांच्या तोंडून गिई गिई यायचं
आणि अंडं तरीही गायब व्हायचं.
अर्थ विचारला तर हसायचे:
"मतलब असता तर पब्लिक विचार करत बसली असती, बेटा."

आईचा शब्द मात्र कधी ऐकूच आला नाही.
मीठ, मोहरी, सात मिरच्या; ओठ हलायचे,
आल्यागेल्याची, एवढंच कानावर पडायचं,
पुढचं सगळं मुठीत.
गॅसवर मिरच्या तडतडल्या आणि कुणाला ठसका लागला नाही
की म्हणायची, बघा, केवढी जबर होती.
बाबा खोकला दाबून धरायचे. मी पाहिलंय.

आणि भांडुपच्या मिठागरावरचा राघो केणी,
विंचू उतरवणारा.
त्याला शब्द मिळाला होता ग्रहणात, खाडीत गुडघाभर उभं राहून.
एकालाच द्यायचा. दिला की आपला संपला.
बाबा दोनदा बाटली घेऊन गेले.
दोन्ही बाटल्या संपल्या, शब्द तसाच राहिला.
मग मिठागर बंद पडलं, राघोही गेला.
मुलगा कुरिअर कंपनीत आहे, त्याला विचारलं,
तो म्हणाला, म्हाताऱ्यानं काय दिलं नाय ओ, वही पण नाय.

काल रात्री तापात बाबा सगळंच बोलले.
छू, फट्, गिई गिई, काळ्या कपड्याखाली काय, टाळ्या,
नट चौदा, बोल्ट बारा, दोन कमी.
शेजारच्या खाटेवरच्या माणसानं हात जोडले,
त्याला वाटलं, स्तोत्र आहे.
मी सांगितलं नाही. काय सांगणार?
कळत नाही आणि धीर येतो, स्तोत्र आणखी कसं असतं?

ते एकदा म्हणाले होते, लहानपणी मी हट्ट धरला तेव्हा,
शब्द कशाला लागतो, नुसताच रुमाल झटका ना:
शब्द उजव्या हातासाठी, पोरी.
लोक शब्दाकडे बघतात. काम डावा करतो.

सकाळी ताप थोडा उतरला. डोळे उघडले.
मी कागद त्यांच्यासमोर धरला, उजव्या हातात,
मोठ्यानं वाचला, ओळ ओळ गाळत,
आ पर्यंत.

डाव्या हातात, ओढणीखाली, घडी घातलेला रिपोर्ट.

त्रेचाळीस वर्षं लोकांचे डोळे वळवलेला माणूस.
त्याची नजर एकदाच खाली गेली,
ओढणीपाशी थांबली,
आणि मग हळूहळू, ठरवून,
उजव्या हाताकडे वळली.

"वा," म्हणाले. "परत म्हण."

मी परत म्हटलं.
पहिल्या रांगेतल्या पोरासारखं
तोंड उघडं टाकून ते ऐकत राहिले.