नमुना क्रमांक सतरा

दगड दिसला तिथं सलग रेषा,
मातीखाली गेला तिथं तुटक:
नकाशाचा एवढाच नियम.
येळ्ळूरच्या पुढं उसानं, घरांनी, प्लॉटच्या कुंपणांनी
माझी बहुतेक रेषा तुटकच ठेवली.

म्हणून विहिरी.
धामण्याच्या शिवारात शट्टुप्पा नवी खणत होता.
यारीच्या बादलीत एक पाय, हातोडी कमरेला,
मी चाळीस हात खाली उतरले
एका उद्रेकातून त्याच्या आधीच्या उद्रेकात.

वरचा थर काळा, घट्ट,
ठोकला की घंटेसारखा बोलणारा.
खालचा बुडबुड्यांनी पोखरलेला,
भोकाभोकांत पांढरी स्फटिकं,
कुणी साबुदाणा सांडून ठेवल्यासारखी.
आणि मधे वीतभर लाल.

भाजलेली माती.
खालचा लाव्हा निवला, भुगा झाला,
त्यावर काहीबाही उगवलंही असेल,
त्याला वाटलं असेल, झालं आता.
मग जमीन पुन्हा शिवणीतून उसवली,
कोसच्या कोस.

"त्या लालाच्या वर पाणी थांबतंय बघा,"
शट्टुप्पा काठावरनं ओरडला,
"आमच्या आज्ज्याला ठावं हुतं."
हे वाक्य माझ्या प्रबंधात आहे,
पान एकशे बारा, आकृतीसह,
आज्ज्याशिवाय.

"किती जुनं म्हणायचं हे?"
"साडेसहा कोटी वर्षं."
"मग जेवूनच काढा की वो.
काय पळून जायलंय?"

जेवलो.
मग छिन्नी लावली. थर दगडासारखा तुटत नाही,
जुन्या विटेसारखा चुरतो,
मुठीएवढा ढेकूळ मिळवायला चार वाजले.
माझी बोटं लाल, ओली,
म्हणून पिशवीवरची चिठ्ठी त्यानं लिहिली,
जीभ ओठात धरून, सावकाश.

सोळा नमुन्यांचे निकाल सात महिन्यांनी आले,
टक्के, दशांश, सह्या.
सतरावा तसाच परत:
'चिठ्ठी वाचता येत नाही.'

अक्षरं कानडी होती.
शट्टुप्पाची शाळा कानडी.
मी एकेक लावत गेले, बसच्या पाट्यांवरून शिकलेली,
दोन ठिकाणी अडले,
मोठ्यानं म्हणून पाहिलं
तर मराठीच निघालं:
हिरीतलं लाल. पाण्याच्या बुडचं.

पुन्हा पाठवायला हवी होती.
इंग्रजीत चिठ्ठी, आकडा, अक्षांश.
पिशवी अजून खिडकीत आहे,
गाठ त्याचीच.

नकाशा छापून झाला.
धामण्यापाशी बारीक बघा,
तुटक रेषेत चार मिलिमीटर
सलग आहेत.