गुरुवारचा ठोका

रात्रीचे दोन सत्तेचाळीस. अंबडच्या शेडमध्ये
एसी खोकला दाबून धरल्यासारखा चाललाय
आणि स्क्रीनवर एक पिवळी ओळ.

कुणी काही फोडलेलं नाही. कुणी काही नेलेलं नाही.
मुळापासून सगळी फोल्डरं चाळत
कुणीतरी फक्त विचारलंय :
व्हीएमडीके आडनावाचे इथे कोण कोण राहतात?

एका लोखंडी पेटीत आमची सतरा यंत्रं राहतात,
प्रत्येकाला वाटतं, पेटी आपल्या एकट्याची.
एकात डोळ्यांच्या इस्पितळाचे केसपेपर,
एकात मोतीबिंदूच्या तारखा,
एकात कॅन्टीनची उधारी. तीही कुणाची तरी असतेच.
आत शिरून सतरा घरं लुटण्यापेक्षा
बाहेरून सतरा कड्या घालणं सोपं.
त्याआधी पत्ते लागतात.

हेच पत्ते दर रविवारी रेवण निकुंभ विचारतो,
बॅकअपच्या आधी, अगदी ह्याच शब्दांत,
आणि दर रविवारी माझी घंटा वाजायची.
"माझं नाव वगळ ना एकदाचं," तो वैतागला होता.
वगळलं. पण फक्त रविवारपुरतं.
का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

आबा तांबट आळीत हंडे घडवायचे.
शेजारीपाजारी दहा हातोडे, बोललेलं ऐकू येऊ नये असा गलका,
आणि आबा मध्येच मान वर करायचे :
"हा ठोका वामनचा नव्हे."
हातोडा वामनचा, तांबं वामनचं,
बसलेला असायचा त्याचा भाचा.

आज ओळीवर नाव रेवणचंच आहे.
वार गुरुवार.

फोन लावला. तो येवल्याला, मेहुणीच्या लग्नात.
"तू आत्ता काही शोधतोयस का?"
"झोप," म्हणाला. "का गं?"

सांगत बसले नाही. पेटीमागे वाकले
आणि निळी वायर ओढली.
टक्. एवढाच आवाज.
दोन मिनिटांत इस्पितळातून सिस्टर कडाडल्या,
सगळं बंद पडलंय इथे!
हो सिस्टर, मीच पाडलंय. उजाडेपर्यंत वहीत लिहा.

सकाळी साहेबांनी विचारलं, मिळालं का काही त्याला?
सतरापैकी नऊ पत्ते, म्हटलं. कडी एकही नाही.
ते नऊ मी अजून मोजते,
जिना उतरताना, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये.

सोमवारी रेवण आला, नखांत हळद तशीच.
तोवर मी त्याचा रविवारही काढून टाकला होता.
बराच वेळ तो स्क्रीनकडे बघत राहिला.
"माझ्यावर संशय?"
"तुझ्या नावावर."
"तेच ना ते," म्हणाला.

पासवर्ड बदलला. मग खाली टपरीवर गेला
आणि आज पहिल्यांदाच
एकच चहा घेऊन वर आला.