पाणक्या

नवं इंजिन आलं देवदारी खोक्यातून.
नऊ सिलिंडर, गोल, चाकाच्या आऱ्यांसारखे,
प्रत्येकावर पातळ पाती, इतकी दाट
की मी नख घालून पाहिलं तर अडकलं.
वोयतेख ह्रुश्का त्याच्याभोवती दोनदा फिरला.
‘पाणी कुठनं घालायचं?’
‘कुठनंच नाही. वारा पुरतो त्याला.’

वोयतेख आमचा पाणक्या.
नेब्रास्कातले सात हिवाळे तो पहाटे तीनला उठला,
पत्र्याच्या पिंपात पाणी उकळलं,
दोन बादल्या दोन हातांत, बर्फावरून शेडपर्यंत.
टपालाचं विमान रात्री उतरलं
की तोटीही तोच सोडायचा,
गोठून इंजिन फुटू नये म्हणून.
त्या पाण्याची शेडमागे घसरगुंडी व्हायची,
ओस्टरगार्ड मॅनेजरची पोरं
मार्चपर्यंत तिच्यावर.

पाणी लागत नाही
म्हणून ज्याच्या नोकरीवर पाणी पडलं
असा मी पाहिलेला तो एकटाच माणूस.

बोलला नाही काही. बादल्या पालथ्या घातल्या.
ऑक्टोबरभर झाडू मारला,
मग रॉकरना ग्रीस भरायला शिकला, माझ्याकडून,
माझं वय एकोणीस.
अठरा जागा. मोजायचा चेक भाषेत,
एकही चुकायचा नाही.

डिसेंबरात पारा शून्याच्या खाली वीस.
प्लॅट नदीवरचा बर्फ बंदुकीसारखा तडकत होता.
टपाल सहाला निघायचं, शायेनकडे.
हार्लन ट्विस वर बसलेला, कातडी टोपीत,
आम्ही दोघं पंख्याला लोंबकळलो.
पंखा हलेना.
वाऱ्यावर जगणाऱ्याला वारा बाधला होता.
ट्विसनं शिव्या दिल्या, आधी इंजिनाला,
मग मला.

तेव्हा शेडच्या दारात वोयतेख,
हातांत दोन बादल्या.
वाफ नव्हती, करडा धूर.
संध्याकाळी, तेल गरम होतं तेव्हाच,
कुणाला न सांगता
त्यानं टाकी रिकामी करून घेतली होती.
टाकीत डोकावायचं
आम्हाला सुचलंही नव्हतं.

‘रात्रभर चुलीपाशी बसलास?’
‘छे. तीनला जाग येते.’

ओतलं. थांबलो.
पंखा अर्धा फिरला, कुरकुरला, मग पुरा.
एक सिलिंडर खोकला,
त्याच्या पलीकडचा खोकला,
आणि मग अख्खं अंगण थरथरलं,
माझे दातसुद्धा.

ट्विस पश्चिमेला ठिपका होईस्तोवर
आम्ही माना वर करून उभे.
वोयतेख नव्हता.
शेडमागे बसून राखेनं बादल्या घासत होता,
पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत होता.
तेलाचा ओशटपणा काही जाईना.
आता त्यांत पाणी ठेवायची सोय नव्हती.