भाग बाराशे अकरा, दांडा वजा जाता

पुंडलिक,
काल तुझी रात्रपाळी होती, म्हणून लिहितो.
'ध्रुवयान', भाग बाराशे अकरा.
कागद काट्यावरचाच आहे, मागची बाजू.
पुढे उटखेड्याच्या दोन गाड्यांची वजनं आहेत,
ती वाचू नको.

आधी दांडा कापून टाकतो.
यान तेच. भिंतींना नवा राखाडी रंग दिलाय,
पण उजवीकडच्या दाराला तोच पोचा,
दहावीत असताना आपण पाहिलेला.
कप्तान आता चौथा. आवाज बरा आहे,
पण खुर्चीत बसतो तो सोयरिकीला आल्यासारखा,
टेकत नाही.
ग्रहावर दोन सूर्य, आणि माणसं
गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात.
मे महिन्यात सावद्याला एकच सूर्य असतो, भो,
तरी केळीची पानं कडेनं करपतात
आणि काट्याची साखळी फडक्यानं धरावी लागते.
लिहिणाऱ्याला एकदा इकडे आणून बसवला पाहिजे.

गोष्ट अशी.
फार लांब एक ठाणं, निरोप पुढे ढकलणारं.
तिथे एकटी बाई, यंत्रवाली. नाव इरावी.
पृथ्वीवरचा निरोप तिच्यापर्यंत यायला अकरा वर्षं लागतात.
यान तिला घ्यायला येतं. ती म्हणते, थांबा,
एक निरोप वाटेत आहे, मंगळवारी पोचेल.
कप्तान म्हणतो, आम्ही तिकडूनच आलो, बाई,
तो पाठवणारा आता
आणि वाक्य सोडून देतो.
मला वाटलं, आता पेटी वाजणार.
वाजली. फार वाजली. दीड किलो वजा.

तू विचारशील, यान निरोपाच्या आधी कसं पोचलं?
ते भाग नव्वदमध्ये सांगून झालंय,
अंतराळाची धोतरासारखी घडी घालतात वगैरे.
तेव्हाही आपल्याला पटलं नव्हतं.

पण एक जागा.
निघायचं ठरतं तेव्हा ती ठाण्याचं जुनं यंत्र बंद करते
आणि पत्र्यावर तळहात ठेवून उभी राहते.
पेटी नाही. कुणी बोलत नाही.
यंत्र जेवढा वेळ गरम राहतं, तेवढा वेळ.
मी मनात मोजत होतो, चाळीसपर्यंत गेलो.
बायको म्हणाली, "टीव्ही अडकला का?"

दीपनगरचा तुमचा जुना संच बंद केला,
त्या रात्री तू घरी गेला नव्हतास.
वहिनींनी मला दोनदा फोन केला.
मी ठोकून दिलं, वाघूरच्या काठी भरीत पार्टी आहे,
येईल सकाळी.
तू कुठे होतास ते मी कधी विचारलं नाही.
आता विचारायची गरजही नाही.

शेवटची चार मिनिटं माझ्याकडे नाहीत.
मंगळवार उजाडला होता, दिवा लुकलुकत होता,
ती कानाला लावणार, एवढ्यात आमच्या गल्लीची डीपी गेली.
अंधारात तुलाच फोन लावला,
"काबर गेली रे?"
"आमी वीज करतो भो, वाटत नही."
मागे तो तुमचा एकसुरी घूं.
मग तूच विचारलंस,
"मंग तिनं आयकला का निरोप?"
"मले काय माहीत."
"आयकला असंन," म्हणालास,
आणि मीटरच्या नोंदी घ्यायला निघून गेलास.

पुतण्या म्हणतो, मोबाइलवर आलाय, दाखवू का शेवट?
नको म्हटलं. डास मारत बसलो.

तर, एकूण भरला बावीस किलो.
दांडा, पेटी, आणि ते कोट वजा जाता
अठरा, सव्वाअठरा धर.
गेल्या वर्षभरात एवढा घड आला नव्हता.
शेवट पाहिलेला नाही हे वर लिहिलंच आहे,
उद्या म्हणू नको, काटा मारला.

पुढच्या रविवारी तुझी पहिली पाळी ना?
खुर्ची एकच धड आहे.
दुसरी येताना आण.