गेला माल : निरंक

फिर्यादी पतसंस्थेचा मॅनेजर.
आरोपी हेमांगी फिरके, वय बावीस, राहणार सावदा.
गेला माल, मी लिहिलं, निरंक.

साइटच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला फक्त, म्हणाली,
तर दुसऱ्याचं पासबुक उघडलं.
लगेच मिटलं.
तीन पत्रं धाडली संस्थेला. पोच नाही.
चौथ्याचं उत्तर म्हणून मी गेलो,
नोटीस घेऊन.

परवानगी होती का? साहेबांनी विचारलं.
कलमालाही तेवढंच विचारता येतं.

सतरा वर्षं रात्रगस्तीला
रावेरच्या पेठेत मी कुलपं हलवत हिंडलो.
कुणाला विचारून?
केळीच्या एका अडतीचं तर हातातच आलं.
शेठला उठवलं रात्री दोनला,
लुंगीवरच धावत आला,
मग चहा पाजला, वर म्हणाला, भाऊ, देवासारखे आले.

पोरीजवळ काठी नव्हती, शिट्टी नव्हती.
सही कुठं करू, तिनं विचारलं.
मी बोट ठेवलं.

घरी आलो. जेवण झालं.
माझंही खातं त्याच संस्थेत.
मोबाईलवर पासबुक उघडलं,
शेवटचा आकडा सात.

अंगठा तिथंच ठेवून बसलोय.
आठ कोण असेल?